पोकर टूर्नामेंट: समोरच्याला वाचायचं म्हणजे नेमकं काय वाचायचं?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मला समजलं ते असं: घरी मित्रांच्या टेबलावर तुम्ही बहुतेक वेळा जिंकता. गोव्यात तीन लाइव्ह टूर्नामेंट खेळलात आणि तिन्ही वेळा बक्षिसांची रेषा जवळ आली असताना बाहेर पडलात. त्यातल्या दोन वेळा रिव्हरला (टेबलावर उघडणाऱ्या पाच सामायिक पत्त्यांतल्या शेवटच्यावर) समोरचा ब्लफ मारतोय, म्हणजे पत्ते नसताना मोठ्या चिप्स लावून घाबरवतोय, अशी खात्री वाटली, कॉल केला (त्याच्याइतक्याच चिप्स लावल्या), आणि त्याच्याकडे खरंच चांगले पत्ते निघाले. आता चेहरे वाचायला कसं शिकायचं, असं तुम्ही विचारताय. सोबत २००३ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये (पोकरच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत) ख्रिस मनीमेकरने सॅम फारहाला मारलेल्या ब्लफचा दाखला दिलाय.

मी अकरा वर्षं वर्षातून तीन-चार वेळा पणजीला जाऊन लाइव्ह टूर्नामेंट खेळतोय. सुरुवातीची काही वर्षं मीही लोकांचे डोळे, ओठ आणि गळ्याची शीर बघण्यात घालवली. तेवढा वेळ दुसरीकडे लावला असता तर बरं झालं असतं, असं आज वाटतं. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तुमची खरी अडचण मला वेगळी दिसते. मित्रांना तुम्ही वर्षानुवर्षं ओळखता. कोण दोन डाव हरला की बिथरतो, कोण एक्का आला की गप्प होतो, हे तुम्हाला पाठ आहे. गोव्यात समोर आठ अनोळखी माणसं असतात. लाइव्ह टेबलावर तासाला २५-३० डाव होतात. त्यातले बरेच फ्लॉपच्या (पहिल्या तीन सामायिक पत्त्यांच्या) आधीच संपतात, आणि पत्ते उघडे पडतात असे डाव तर मोजकेच. दोन तासांत ओळख जमायला लागते तोवर टेबल मोडतं आणि तुम्ही दुसरीकडे जाऊन बसता. म्हणजे प्रश्न असा आहे: थोड्या वेळात, थोड्या पुराव्यावर, अनोळखी माणसाबद्दल उपयोगी अंदाज कसा बांधायचा, आणि त्या अंदाजावर किती भार टाकायचा? तुमच्या दोन्ही कॉलमध्ये अंदाज चुकला यापेक्षा कच्च्या अंदाजावर अख्खा स्टॅक (जवळच्या सगळ्या चिप्स) ठेवला गेला, ही चूक मोठी होती.

आधी हेही सांगतो की पुढचं बरंचसं परिस्थितीवर अवलंबून आहे. प्रवेश फी किती आहे, ब्लाइंड (प्रत्येक डावात दोन जणांनी आधीच लावायच्या सक्तीच्या चिप्स) किती मिनिटांनी वाढतात, री-एंट्री (बाहेर पडल्यावर पुन्हा फी भरून बसणं) आहे की नाही, यावर माणसं बदलतात. मी लिहितोय ते छोट्या आणि मध्यम फीच्या, हौशी खेळाडू जास्त असलेल्या टूर्नामेंटबद्दल. मोठ्या फीच्या टेबलावर सराईत लोक बसतात. तिथे यातले काही ठोकताळे उलटेही पडतील.

चेहऱ्याचा विषय आधी बाजूला काढू. २०१३ साली मायकेल स्लेपियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी २००९ च्या वर्ल्ड सिरीजमधल्या खेळाडूंच्या बेट लावतानाच्या, म्हणजे डावावर चिप्स लावतानाच्या, छोट्या चित्रफिती विद्यार्थ्यांना दाखवल्या आणि पत्ते किती चांगले असतील याचा अंदाज करायला सांगितला. फक्त चेहरा दिसत होता तेव्हा अंदाज उलट्या दिशेला जात होते, म्हणजे चेहरा दिशाभूल करत होता. फक्त हात दिसत होते, चिप्स पुढे सरकवणारे, तेव्हा अंदाज नशिबापेक्षा बरे निघाले. यात मला नवल वाटत नाही. चेहरा सांभाळायचा हे प्रत्येकाला माहीत असतं, हात सांभाळायचं फार थोड्यांना सुचतं. पत्ते चांगले असले की चिप्स एका ओघात जातात. पण हा सरासरीचा फरक आहे. एका माणसाच्या एका बेटवर तुमची अख्खी टूर्नामेंट लावावी इतका तो पक्का नाही.

हावभावांबद्दल जुना नियम पोकरवर लिहिणाऱ्या माइक कॅरोचा आहे: नवखा खेळाडू पत्ते कमकुवत असताना जोर दाखवतो आणि जोरदार असताना कमकुवत असल्याचं नाटक करतो. खांदे उडवून, उसासा टाकून, नाइलाजाने केल्यासारखा रेज (समोरच्याहून वाढवलेली बेट) आला तर मी सावध होतो. फ्लॉप उघडताक्षणी ज्याची नजर झर्रकन स्वतःच्या चिप्सवर जाते त्याला बहुधा काहीतरी लागलेलं असतं. बेट लावताना हात थरथरले तर नवे लोक त्याला घाबरलेला समजतात. माझ्या अनुभवात तो बहुतेक वेळा भारी पत्ते हाती आल्याच्या उत्तेजनेने थरथरत असतो. पण काहींचे हात चहाचा कप उचलतानाही थरथरतात. म्हणून माणूस डावात नसताना कसा बसतो, कसा बोलतो, चिप्सशी कसा खेळतो, हे आधी बघायला हवं. ते न बघता एखाद्या लकबीचा अर्थ लावू नका. निर्णय काठावर असेल तेव्हाच हावभावाने पारडं झुकवायचं, एवढंच त्याचं काम.

मग वाचायचं काय? चिप्स. कोणी, कुठल्या जागेवरून, किती चिप्स असताना, कुठल्या पत्त्यावर, किती लावल्या. नॉर्वेच्या ॲनेट ओब्रेस्टाडने २००७ साली १८० जणांची एक छोटी ऑनलाइन टूर्नामेंट पडद्यावरचे स्वतःचे पत्ते झाकून जिंकली. एका डावात तेवढे तिने पत्ते पाहिले होते. त्याच वर्षी लंडनमध्ये झालेल्या पहिल्या वर्ल्ड सिरीज युरोपची मुख्य स्पर्धा तिने जिंकली. ऑनलाइन खेळात समोरच्याचा चेहरा नव्हता आणि तिने स्वतःचे पत्तेही बघितले नाहीत. उरली होती ती बसण्याची जागा, स्टॅक आणि समोरच्यांच्या बेट. तेवढ्यावर १७९ लोक मागे पडले. याचा अर्थ पत्ते न बघता खेळा असा नाही. बाकीची माहिती किती मोठी आहे आणि आपण ती किती वाया घालवतो, हे मला त्या गोष्टीतून कळलं.

नव्या टेबलावर बसलो की पहिल्या दोन फेऱ्यांत मी दोनच गोष्टी मोजतो. कोण किती डावांत उतरतो, आणि उतरताना रेज करतो की नुसता कॉल. १८ डावांत जो दहा वेळा उतरला आणि त्यातले आठ वेळा नुसता कॉल करून, त्याच्याविरुद्ध ब्लफ मारायचा नाही. चांगले पत्ते आले की मोठी बेट लावायची आणि तो कॉल करेल यावर भरवसा ठेवायचा. जो १८ मध्ये दोनदाच उतरला त्याने रेज केला तर मी एक्का-गुलामही टाकतो. मधले जे असतात त्यांच्यासाठी पत्ते उघडे पडण्याची वाट बघायची.

आणि पत्ते उघडे पडतात तो क्षण सगळ्यात मोलाचा असतो. बहुतेक जण तेव्हा फोन बघत असतात. कारण ते डावात नसतात. मी त्या क्षणी अख्खा डाव मागे फिरवतो: याने फ्लॉपच्या आधी काय केलं होतं, टर्नला (चौथ्या सामायिक पत्त्यावर) का थांबला, रिव्हरला एवढीच बेट का लावली, आणि हातात होतं काय. एकदा उघडे पडलेले पत्ते शंभर नजरांपेक्षा जास्त सांगतात.

एक डाव सांगतो, तो माझ्या वहीत लिहिलेला आहे. ब्लाइंड १,०००/२,०००, बिग ब्लाइंडचा (दोन ब्लाइंडमधला मोठा लावणाऱ्याचा) अँटी, म्हणजे वरची सक्तीची रक्कम, २,०००. पहिल्या जागेवर साठीच्या आसपासचे एक काका, त्यांच्याकडे ६०,००० चिप्स. माझ्याकडे ७०,०००, मी बटनवर (फ्लॉपनंतर सगळ्यांत शेवटी खेळायच्या जागेवर), हातात एक्का-राणी. काकांनी ५,००० चा रेज केला, मी कॉल केला, बाकीच्यांनी पत्ते टाकले. पॉट (मधे जमलेल्या चिप्स) १५,०००. फ्लॉप आला इस्पिक राणी, चौकट अठ्ठी, किलवर तिर्री. त्यांनी ६,००० लावले, मी कॉल. टर्नला बदाम पंजी. त्यांनी १५,००० लावले, मी पुन्हा कॉल. पॉट झाला ५७,०००. रिव्हरला किलवर दुर्री, आणि काकांनी उरलेले ३४,००० पुढे ढकलले.

माझ्याकडे राण्यांची जोडी, सोबत एक्का. दिसायला फार चांगले पत्ते. कॉल ३४,००० चा, त्यानंतर एकूण पॉट १,२५,०००. म्हणजे साधारण २७ टक्के वेळा तरी मी जिंकायला हवा, नाहीतर कॉल तोट्याचा.

आता मोजू. लहान जोड्या असल्या की काका पहिल्या जागेवरून नुसता कॉल करतात हे मी आधी पाहिलं होतं, म्हणून दुर्र्या, तिर्र्या आणि पंज्या बाद. उरतं काय? एक्क्यांची जोडी: एक एक्का माझ्याकडे, म्हणून ३ प्रकारे. राजांची जोडी: ६ प्रकारे. राण्यांची जोडी: एक राणी माझ्याकडे, एक टेबलावर, म्हणून १. अठ्ठ्यांची जोडी: ३. हे १३ मला हरवतात. एक्का-राणी त्यांच्याकडेही असेल तर बरोबरी, ते ६ प्रकार, त्यातले अर्धे माझे धरायचे. राजा-राणी घेऊन ते तिन्ही वेळा बेट लावत नाहीत, हे तासाभरापूर्वी एका उघड्या डावात दिसलं होतं. मग मी हरवू शकतो असं एकच उरतं: काही न लागलेला एक्का-राजा. त्याचे प्रकार १२.

सगळा निर्णय त्या एका प्रश्नावर आला. हा माणूस एक्का-राजा घेऊन तिसऱ्यांदा, तेही सगळ्या चिप्स, पुढे ढकलतो का? ढकलत असेल तर माझा वाटा ४८ टक्क्यांच्या आसपास, कॉल अगदी सोपा. कधीच ढकलत नसेल तर वाटा १६ टक्क्यांखाली, कॉल म्हणजे चिप्स दान करणं. गणिताप्रमाणे १२ पैकी ३ वेळा जरी ढकलत असेल तरी कॉल जेमतेम बरोबर ठरतो. आणखी चार जण बाहेर पडले की बक्षिसं सुरू होणार होती, अशा वेळी हरणं महाग पडतं, त्यामुळे मला ३ पेक्षा जास्त हवे होते.

दोन तासांत मी काकांना एक्का-राजा घेऊन एकदाच पाहिलं होतं. फ्लॉपवर बेट लावली, काही लागलं नाही, टर्नला चेक करून (बेट न लावता) थांबले. एकच पुरावा, पण त्यांच्या बाकीच्या खेळाशी जुळणारा. मी पत्ते टाकले. माझ्याकडे ४४,००० उरले, म्हणजे २२ बिग ब्लाइंड, खेळायला पुरेसे. काकांनी पत्ते उलटेच सरकवले, त्यामुळे त्या डावात माझं बरोबर होतं की चूक, हे मला आजही माहीत नाही. तासाभराने त्यांनी दुसऱ्या एका डावात एक्का-राजा घेऊन पुन्हा टर्नला चेक केलं. मला तेवढं पुरे होतं.

हे इतकं लांबवून सांगितलं कारण तुमचे दोन कॉल तुम्ही याच पद्धतीने तपासावेत अशी माझी इच्छा आहे. 'तो ब्लफ मारतोय असं वाटलं' याऐवजी 'ब्लफ मारायला त्याच्याकडे नेमके कुठले पत्ते असू शकत होते, आणि ते घेऊन तो असं करतो हे मी कधी पाहिलंय का?' असं विचारायचं. पुरावा काहीच नसेल तर मी एक ठरलेला अंदाज धरून चालतो: हौशी खेळाडू रिव्हरला मोठ्या बेटचा, आणि त्याहून जास्त रेजचा, ब्लफ फार कमी मारतो. आधी नुसता कॉल करून मग अचानक री-रेज (दुसऱ्याच्या रेजवर रेज) करणाऱ्याकडे बहुधा एक्के किंवा राजे असतात. टर्नला कमीत कमी रकमेचा रेज दिसतो गरीब, पण त्यामागे बहुधा दोन जोड्या किंवा त्याहून भारी काही असतं. उलट, फ्लॉपवर आधी खेळणाऱ्याने रेज करणाऱ्याच्या तोंडावर छोटी बेट लावली तर ती बहुतेक मधल्या जोडीची किंवा स्वस्तात पुढचा पत्ता बघायची धडपड असते. हे ठोकताळे एखाद्याने तुमच्यासमोर खोटे पाडले की त्या माणसापुरते लगेच सोडून द्यायचे.

मनीमेकरच्या ब्लफकडे याच नजरेने बघा. टेबलावर इस्पिकची नव्वी, चौकट दुर्री, इस्पिक छक्की, मग इस्पिक अठ्ठी, शेवटी बदाम तिर्री. फारहाकडे नव्व्यांची जोडी, मनीमेकरकडे राजा-सत्ती, म्हणजे शेवटी काहीच नाही. पण टर्नला तिसरं इस्पिक पडल्यावर फारहाच्या बेटवर मनीमेकरने रेज केला होता आणि रिव्हरला सगळं पुढे ढकललं होतं. फ्लश (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) किंवा सीक्वेन्स लागलेला माणूस अगदी असंच खेळला असता. सुरुवातीपासून शेवटपर्यंत गोष्ट जुळत होती, म्हणून फारहाच्या हातून चांगले पत्ते सुटले. त्या चित्रफितीत लोक दोघांचे चेहरे बघतात. तुम्ही एकदा आवाज बंद करून फक्त बेटचा क्रम बघा. आणि हा एक डाव दोन दशकं का दाखवला जातोय याचाही विचार करा. असे डाव दुर्मिळ असतात. ते पाहून पाहून आपल्याला प्रत्येक मोठ्या बेटमागे ब्लफ दिसायला लागतो.

आता टूर्नामेंटपुरती खास गोष्ट, जी घरच्या टेबलावर शिकायला मिळतच नाही. इथे एकच माणूस एका दिवसात तीन वेगळे खेळ खेळतो. री-एंट्री चालू असते तोवर तो सैल असतो, कारण बाहेर पडला तर परत पैसे भरून बसता येतं. री-एंट्री बंद झाली की पुढच्याच लेव्हलला तो आवळतो. बक्षिसाची रेषा जवळ आली की आणखी आवळतो. तुम्ही दुपारी त्याला 'काहीही घेऊन ऑल-इन करणारा', म्हणजे सगळ्या चिप्स लावणारा, म्हणून मनात नोंदवलंत आणि रात्री बबलवर (बक्षिसांच्या रेषेच्या अगदी तोंडावर) त्याच नोंदीवर कॉल केलात, तर तुम्ही दुपारच्या माणसाला कॉल केलाय. तुमच्या तिन्ही बाहेर पडण्याच्या वेळा बघता, हेच घडलं असावं असा मला दाट संशय आहे.

म्हणून बबलच्या आसपास मी प्रत्येकाचा स्टॅक बिग ब्लाइंडमध्ये मोजतो. दहाच्या आत असलेल्याच्या ऑल-इनमध्ये बरेच साधे पत्ते असतात, त्याला थांबायला वेळच नसतो. १५ ते २५ वाला सगळ्यात घाबरलेला असतो. त्याच्याकडे वाचवण्यासारखं काहीतरी असतं. तो तुमच्यावर री-रेज करून आला तर पत्ते टाका. मोठा स्टॅक सगळ्यांना ढकलत असतो, त्याच्या रेजला फारशी किंमत देऊ नका, पण त्याच्याशी भिडून बाहेर पडणं तुम्हालाच सगळ्यात महाग पडतं. याशिवाय कान उघडे ठेवा. जो सारखा घड्याळाच्या पडद्याकडे बघून किती जण उरले ते मोजतोय, जो शेजाऱ्याला 'फी तरी निघू दे' म्हणतोय, त्याच्या ब्लाइंडवर रेज करायला मला चांगले पत्ते लागत नाहीत. तो सॅटेलाइट (मोठ्या टूर्नामेंटचा प्रवेश जिंकायची छोटी टूर्नामेंट) जिंकून स्वस्तात आलाय हे बोलण्यातून कळलं तर आणखीच.

तुमच्याबद्दलही इतर आठ जण हेच करत असतात. मी एकच काळजी घेतो: निर्णय सोपा असो की अवघड, प्रत्येक वेळी साधारण सारखाच वेळ घेतो आणि चिप्स एकाच पद्धतीने सरकवतो.

सरावाबद्दल. ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आहे, त्यामुळे तो रस्ता विसरा. घरच्या मित्रांबरोबर बिनपैशाच्या चिप्सवर खेळा आणि एक नियम करा: तुम्ही डावात नसाल तेव्हा रिव्हर पडायच्या आधी, उरलेल्या प्रत्येकाकडे काय असेल ते कागदावर लिहायचं. पत्ते उघडल्यावर जुळवून बघायचं. पहिले काही दिवस इतकं चुकेल की वाईट वाटेल. मला वाटलं होतं. महिन्याभराने तुमच्या लक्षात येईल की तुम्ही एकाच दिशेला चुकताय. माझं चुकणं नेहमी 'याच्याकडे काही नाही' या बाजूला होतं. तुमचंही तेच निघेल असा माझा अंदाज आहे, पण कागद सांगेल ते खरं.

आणि गोव्याला पुढच्या वेळी जाल तेव्हा फी आणि जास्तीत जास्त किती री-एंट्री, हे घरून ठरवून निघा. गेलेले पैसे भरून काढायला बसलेला माणूस समोरच्याचं काहीच वाचू शकत नाही, त्याला फक्त स्वतःला हवं ते दिसतं. हे मी जवळच्या दोन मित्रांच्या बाबतीत पाहिलंय, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

ते दोन कॉल आठवत असतील तर इथेच लिहा: ब्लाइंड, दोघांचे स्टॅक, कोण कुठल्या जागेवर, प्रत्येक टप्प्यावर किती बेट, किती जण उरले होते, आणि त्या माणसाचे आधी कुठले पत्ते उघडे पडलेले तुम्ही पाहिले होते. शेवटी त्याच्याकडे काय निघालं ते मात्र आधी सांगू नका. मी मोजून माझा अंदाज लिहितो, मग जुळवून बघू.